कच्च्या बोटांसाठी लांब शब्द

टायपिंग शिकवणाऱ्याला कागद बघून कळतं, कुठलं बोट कच्चं आहे. एसच्या जागी सारखा ए पडत असेल, डब्ल्यूच्या जागी क्यू येत असेल, तर डाव्या हाताची अनामिका उचलली जात नाहीये आणि तिचं काम करंगळी ओढतेय असं समजायचं. पीच्या जागी ओ दिसला तर उजव्या करंगळीचं काम शेजारच्या बोटाने केलंय. कागदावर चूक अक्षराची दिसते, पण ती बोटाची असते. त्या बोटाला काम द्यायचं तर त्याची अक्षरं पुन्हापुन्हा येणारे शब्द लागतात, आणि लांब लागतात. तीन-चार अक्षरांचा शब्द बोट कसाबसा निभावून नेतं, खरी दमछाक दहा-बारा अक्षरांच्या शब्दात होते. असे शब्द मी कसे शोधले, ते सांगते.

आमची इन्स्टिट्यूट साताऱ्यात, राजपथापासून आत एका जुन्या वाड्याच्या माडीवर. वडिलांनी ती रेमिंग्टन आणि गोदरेजच्या मशिनींवर चालवली. आता सगळे कॉम्प्युटर आहेत, परीक्षा परिषदेची परीक्षाही कॉम्प्युटरवरच होते. मुलं कोरेगाव, मेढा, रहिमतपूर अशा ठिकाणांहून एसटीचा पास काढून येतात. बहुतेकांना क्लार्क-टायपिस्टच्या जागेसाठी सर्टिफिकेट हवं असतं, म्हणजे मराठीला मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजीला ४०. इंग्रजीची तिशी नेटाने सराव केला की येते. चाळिशीला मात्र कच्ची बोटं उघडी पडतात, कारण आठपैकी सहा बोटं कितीही पळाली तरी वेग उरलेल्या दोघांचाच लागतो.

सरावाचा मजकूर पिढ्यान् पिढ्या तोच. ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. पानंच्या पानं. त्यानंतर ते कोल्ह्याचं आणि आळशी कुत्र्याचं प्रसिद्ध इंग्रजी वाक्य, 'द क्विक ब्राऊन फॉक्स जम्प्स ओव्हर द लेझी डॉग', ज्यात सगळी २६ अक्षरं येतात. मुलांना वाटतं हे वाक्य शंभरदा मारलं की हात तयार झाला. मी एकदा ते बोटांच्या हिशोबाने मोजलं. वाक्यात ३५ अक्षरं आहेत आणि डाव्या अनामिकेच्या वाट्याला त्यातली तीनच येतात: ब्राऊनमधला डब्ल्यू, फॉक्समधला एक्स आणि जम्प्समधला एस. डाव्या करंगळीलाही तीनच. सगळ्या कळा चालतात की नाही हे बघायला ते वाक्य उत्तम आहे. कच्च्या बोटाला त्यातून काहीच मिळत नाही.

माझ्या डोक्यात हे पक्कं बसलं ते मेढ्याच्या एका मुलीमुळे. तिशी पहिल्या फटक्यात पास झालेली, पण चाळिशीला स्पीडच्या उताऱ्यात अडकायची. लेटर बिनचूक, स्टेटमेंट बिनचूक, आणि स्पीडला लागली की एसचे ए. मी शेजारी बसून नुसता तिचा डावा हात बघत राहिले. अनामिका कळेवर टेकलेली असायची, पण दाब करंगळीच्या बाजूने यायचा. ती म्हणाली, "मॅडम, मला कळतंय ना कुठलं बोट मारायचंय, पण ते उठतच नाही." मी म्हटलं, "अगं, त्याला आपण कधी वेगळं काम दिलंय का?" डब्ल्यू, एस आणि एक्स या तिन्ही अक्षरांचे लांब शब्द तिला द्यायचे, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

पहिला आधार अर्थात शब्दकोशाचा. पण शब्दकोश लावलेला असतो पहिल्या अक्षरावर. एक्सने सुरू होणारे शब्द एका पानात मिळतात, पोटात एक्स असलेले शब्द सगळ्या पुस्तकभर विखुरलेले. दुपारी बॅच नसायची तेव्हा मी पट्टी घेऊन एकेक रकाना खाली जायचे. तांदळातले खडे वेचावेत तसं काम. त्यातून वॅक्सवर्क्स मिळाला, वॅक्सिनेस मिळाला. दोन्हीत तिन्ही अक्षरं आहेत, पण दोन्ही आठच अक्षरांचे, आणि परीक्षेच्या उताऱ्यात मेणाच्या पुतळ्यांचा विषय कशाला येईल?

मग शब्दखेळ खेळणाऱ्यांसाठी केलेली एक उघडी यादी हाती आली. एनेबल तिचं नाव. कुणीही उतरवून घ्यावी अशी, एका ओळीत एक शब्द, पावणेदोन लाखांच्या आसपास. विशेषनामं नाहीत, अनेकवचनं आहेत. मी ती आमच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर स्प्रेडशीटमध्ये उघडली आणि निम्मीसुद्धा आली नाही. जुन्या स्प्रेडशीटमध्ये ६५,५३६ च ओळी मावतात, त्यापुढचं सगळं गळतं. नव्या आवृत्तीत दहा लाखांवर ओळी बसतात, म्हणून यादी विद्यार्थ्यांच्या मशीनवर घेतली. शेजारच्या रकान्यात शब्दाची लांबी काढायची, लांबीवर उतरत्या क्रमाने लावायचं आणि फिल्टरमध्ये 'यात डब्ल्यू आहे', 'यात एक्स आहे' असं सांगायचं. पट्टी घेऊन रकाने चाळण्यात दिवस जायचा, ते काम क्षणात व्हायला लागलं.

आता शब्द खूप मिळाले. पण ते हातावर चालवून बघितले तेव्हा दिसलं की लांबीने फार काही साधत नाही. इंटरनॅशनलायझेशन वीस अक्षरांचा आहे, पण त्याच्या शेवटचं 'एशन' मुलांच्या बोटांना इतकं सवयीचं असतं की तिथे हात आपोआप सुटतो. अनेक लांब शब्द असेच शेपट्या जोडून लांब झालेले असतात. आणि एका शब्दात डब्ल्यू सुरुवातीला, एस मध्ये, एक्स शेवटी असला, तर बोटाला मध्ये भरपूर विसावा मिळतो. मला हवं होतं ते वेगळंच: एकाच बोटाची अक्षरं लागोपाठ, श्वास न घेता येणारी. म्हणजे शोध अक्षरांचा करायचाच नाही, बोटाचा करायचा.

हे स्प्रेडशीटच्या फिल्टरला सांगता येत नाही. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेला एक जुना विद्यार्थी दिवाळीला साताऱ्यात आला होता, कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन भेटायला आला, तेव्हा मी त्याला अडचण सांगितली. तो हसला नाही, खुर्ची ओढून बसलाच. "मॅडम, यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन लागतं. आम्ही रोज वापरतो." चौकोनी कंसात एका बोटाची अक्षरं लिहायची, पुढे महिरपी कंसात आकडा. कंसातल्या अक्षरांपैकी कुठलीही, तितक्यांदा लागोपाठ, असा त्याचा अर्थ. सुरुवातीला टोपीसारखं कॅरेटचं चिन्ह आणि शेवटी डॉलर लावला तर अख्खा शब्दच त्या अक्षरांचा हवा, असा. ग्रेप नावाचा असाच शोध घेणारा प्रोग्राम बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये लिहिला होता, आणि त्या पद्धतीची चिन्हं आज साध्या नोटपॅड प्लस प्लसमध्येही चालतात. मला तेवढं पुरेसं होतं.

डाव्या अनामिकेची तीन अक्षरं आणि आकडा तीन, असं टाकून मी बटण दाबलं. वर आला पासवर्ड.

पी ए एस एस डब्ल्यू ओ आर डी. करंगळीचा ए, आणि लगेच एस, एस, डब्ल्यू, तिन्ही अनामिकेचे. जो शब्द प्रत्येक मूल रोज स्क्रीनवर बघतं, त्यात तिचं दुखणं अचूक भरलेलं. करंगळीवरून अनामिकेकडे जायचं, तिथे दोनदा एकाच कळेवर मारायचं आणि तेच बोट वरच्या ओळीत न्यायचं. त्याच्या खाली क्रॉसवर्ड, क्लासवर्क, ग्लासवेअर, न्यूजस्टँड. आणि कॉक्सवेन, ज्याचा उच्चार इंग्रज लोक कॉक्सन असा करतात, होडीचा सुकाणू धरणारा. सी ओ एक्स एस डब्ल्यू ए आय एन. यात एक्स खालच्या ओळीतला, एस मधल्या, डब्ल्यू वरच्या, आणि तिन्ही लागोपाठ. एकच बोट खालून वर सरळ चढत जातं. कुणी मुद्दाम व्यायाम बांधला असता तरी इतका नेमका झाला नसता. मी तो शब्द कागदावर लिहून मेढ्याच्या मुलीपुढे ठेवला. ती हळूहळू मारायला लागली आणि एक्सवरून एसवर येताना तिचं बोट पहिल्यांदा एकटं हललं. आम्ही दोघींनी ते बघितलं.

त्यानंतर मी एकेक बोट घेत गेले. डाव्या मधल्या बोटाची अक्षरं ई, डी, सी. त्याला सक्सीडेड हा शब्द सापडला: नऊ अक्षरांतली शेवटची सात, सी सी ई ई डी ई डी, त्याच एका बोटाची. प्रोसीडेड आणि प्रिसीडेडमध्ये सहा. कोर्टाच्या आणि ऑफिसच्या उताऱ्यांत हे शब्द पावलोपावली येतात आणि मुलं नेमकी तिथेच एखादा ई खातात. का खातात, ते मला या यादीने दाखवलं.

डाव्या करंगळीची अक्षरं क्यू, ए, झेड. लागोपाठच्या शोधात तिला बझार हा शब्द मिळाला. इंग्रजीत त्यात ए झेड ए ए असे चार ठोके एकापाठोपाठ करंगळीचे. आमच्या इथे सदर बझार रोजच्या बोलण्यातला, त्यामुळे मुलांना स्पेलिंग एकदा सांगितलं की पुरतं. तिन्ही अक्षरं असलेला लांब शब्द म्हणून मी इक्वलायझेशन घेतला, बारा अक्षरांचा, क्यू आणि झेड दोन्ही असलेला. क्यूच्या मागोमाग यू येतोच, म्हणजे डाव्या करंगळीनंतर लगेच उजवा हात. तो थोडा दिलासा. डिसक्वालिफिकेशन, रिक्विझिशन हेही याच पानावर.

उजव्या अनामिकेकडे ओ आणि एल. तिच्यासाठी फॉलो आहे, ओ एल एल ओ असे चार ठोके, आणि लांब हवा तर कोलोक्वियल. उजव्या तर्जनीकडे वाय, एच, एन, यू, जे, एम अशी सहा अक्षरं आणि त्यात यू हा स्वर, म्हणून ममी हा अख्खा शब्द तिच्या एकटीने होतो. डाव्या तर्जनीचं तसं नाही. तिचीही अक्षरं सहाच, आर एफ व्ही टी जी बी, पण एकही स्वर नाही, त्यामुळे तिचा स्वतःचा असा कामाचा शब्द बनत नाही. तिला मधल्या बोटाची जोड दिली तर रेफर्ड, रिग्रेटेड, रिव्हर्टेड असे पत्रांतले शब्द भराभर मिळतात.

मग बोटांवरून हातांकडे. कीबोर्डवर डाव्या हाताकडे १५ अक्षरं, उजव्याकडे ११. फक्त डाव्या हाताने होणाऱ्या शब्दांची यादी संपता संपेना: एक्झॅजरेटेड, रिव्हर्बरेटेड, आफ्टरइफेक्ट्स, स्टुअर्डेसेस. उजव्या हाताची यादी त्या मानाने एवढीशी: ओपिनियन, मिनिमम, मिलियन, मोनोपॉली, पॉलिफोनी. इंग्रजीत सगळ्यात जास्त येणाऱ्या अक्षरांतली ई, टी, ए, आर, एस ही सगळी डावीकडे बसवलेली आहेत, हे त्याचं कारण. बहुतेक मुलं उजव्या हाताने लिहिणारी, त्यांचा डावा हात आधीच दुबळा, आणि इंग्रजीत काम त्यालाच जास्त. हे मी आता पहिल्याच आठवड्यात सांगते. मुलांना वाटत असतं की डाव्या हाताच्या चुका म्हणजे आपला आळस. तसं नसतं, त्या हातावर ओझंच जास्त असतं.

याच्या उलट, एकदा डावा एकदा उजवा असे हात पाळीपाळीने चालणारे शब्दही मी शोधले. पेनल्टी, अमेंडमेंट, एन्टायटलमेंट, प्रोफिशिअन्सी, ऑथेंटिसिटी, आणि तेरा अक्षरांचा डिसमँटलमेंट. मारून बघा, हात कसे झुलतात. दोन अवघड शब्दांच्या मध्ये मी यातला एक घालते, म्हणजे कच्चं बोट आखडत नाही. सलग अवघड शब्द दिले की मुलं मनगट कडक करतात आणि मग चांगली बोटंही चुकायला लागतात.

एक शोध मी फक्त माझ्या हौसेने केला. ज्यात एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही असे लांब शब्द. शब्दखेळवाल्यांत यातला प्रसिद्ध शब्द आहे अनकॉपीराइटेबल, पंधरा अक्षरं, सगळी वेगळी. मला वाटलं, पंधरा वेगवेगळ्या कळा म्हणजे हाताला संपूर्ण फेरफटका. बोटं मांडून बघितली तर त्यात ना डब्ल्यू, ना एस, ना एक्स. डावी अनामिका एकटी बाहेर. दुसरा तेवढाच लांब शब्द डर्मेटोग्लिफिक्स. त्यात ए आहे करंगळीला, एस आहे अनामिकेला, डी ई सी मधल्या बोटाला, आर टी जी तर्जनीला. उजवीकडे एम वाय एच, मग आय, मग ओ एल, आणि करंगळीला पी. आठही बोटं, एकही अक्षर दुसऱ्यांदा नाही. आणि त्याचा अर्थ काय, तर बोटांच्या आणि तळव्याच्या कातडीवरच्या रेषांचा अभ्यास. ठशांचं शास्त्र. जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्यूरो १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झालं, ते याच रेषांच्या आधारावर. हा शब्द मी फळ्यावर लिहून ठेवला आहे आणि प्रत्येक बॅच तो मारूनच सुरू होते. उताऱ्यात तो येणार नाही हे मला माहीत आहे. हात गरम करायला त्याच्यासारखा शब्द नाही.

मुलंही शब्द आणायला लागली. एकाने मोबाईलवरून ४५ अक्षरांचा न्युमोनोने सुरू होणारा फुप्फुसाच्या रोगाचा शब्द आणला. तो १९३५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी सगळ्यात लांब शब्द व्हावा म्हणूनच घडवला होता. मी त्याला सगळ्यांसमोर वाचायला लावला, टाळ्या झाल्या, पण सरावाच्या कागदावर घेतला नाही. मुलाचं लक्ष स्पेलिंग आठवण्यात गेलं की बोटाकडे राहत नाही. कागदावर जाणारा शब्द मुलाने आधी कुठेतरी वाचलेला असावा, निदान त्याला तो सहज वाचता यावा, ही माझी अट पक्की आहे. कॉक्सवेनला तेवढी सूट दिली, कारण त्याच्या तोडीचा दुसरा मिळाला नाही. वरच्या एका ओळीतच होणारे टाइपरायटर, प्रोप्रायटर, टेरिटरी, प्रायॉरिटी, प्रॉपर्टी हे तर सगळ्यांच्या ओळखीचे आणि ऑफिसच्या कामाचेही. मधल्या ओळीत अल्फाल्फा सापडतो, आपल्याकडे गुरांना घालतात ती लसूणघास. कोरेगावकडच्या पोरांच्या घरी ती असतेच. खालच्या ओळीत स्वरच नाही, तिथे शोधायला जाऊ नये.

आता आमच्याकडे बोटागणिक एक पान आहे. मूल नवीन आलं की आधी साधा उतारा मारायला देते, चुका बोटांप्रमाणे वेगळ्या लिहिते आणि त्याचं पान ठरवते. सगळ्यांना सगळी पानं कधीच देत नाही. मेढ्याची मुलगी चाळिशी पास झाली आणि आता तिच्या धाकट्या भावाला घेऊन येते. त्याची डावी अनामिका चांगली आहे, बिचाऱ्याची उजवी करंगळी लुळी पडते.

त्या करंगळीचं पानच सगळ्यात अपुरं आहे. तिच्याकडे अक्षर एकच, पी. लागोपाठ दोन पी असलेले अप्रोप्रिएशन, अपोर्शनमेंट असे पुष्कळ आहेत, मिसअप्रोप्रिएशन तर कोर्टाच्या कामाचा, पण लागोपाठचे ठोके दोनावर जात नाहीत. म्हणून तिला शेजारच्या अनामिकेबरोबर जोडून ओ, एल, पी असा शोध लावला. अपोझिशन मिळाला, मेट्रोपॉलिटन मिळाला, दोन्हीत चार-चार ठोके. आणि हिप्पोपोटॅमस, ज्यात पी पी ओ पी ओ असे पाच लागोपाठ त्या दोन बोटांचे. भावाला हा फार आवडला. सध्या तो तेवढाच मारतोय, रोज पानभर, आणि पाचव्या ठोक्याचा ओ अजून अधूनमधून पीवर पडतो.